रद्दीत न जाणारी वही

पुण्यातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या गेटवर एक वही असते. सुतळीने बांधलेलं बॉलपेन, पट्टीने आखलेले रकाने, आणि वॉचमनच्या अक्षरात गाडीचा नंबर, आल्याची वेळ, फ्लॅट क्रमांक. गेल्याची वेळ बहुधा कोरीच. या वहीबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण तिचं पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. भरली की टेबलाच्या खणात, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या काट्यावर. मी हे लिहितो आहे त्या सॅन होजे शहरात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अशीच एक वही घातली आहे, फक्त ती कागदाची नाही. रस्त्याच्या कडेला एक बारीक काळा खांब, त्याच्या डोक्यावर सोलर पॅनल, आणि त्याखाली थर्मासएवढा काळा कॅमेरा. चालवणाऱ्याचा चेहरा टिपणं हे त्याचं काम नाही. गाडी पुढे गेली की तिच्या पाठीचा फोटो घ्यायचा, नंबर वाचायचा आणि त्यापुढे जागा व वेळ लिहायची, एवढंच. बरोबरीने गाडी कुठल्या कंपनीची, रंग कोणता, टपावर कॅरिअर आहे का, बंपरवर स्टिकर आहे का, हेही तो नोंदवतो. आपल्याकडे ‘एमएच १२’ वाचलं की गाडी पुण्याची हे शेंबडं पोरही सांगतं. कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या पाटीवर एक आकडा, तीन अक्षरं आणि तीन आकडे असतात, त्यात ना गाव ना जिल्हा. नुसत्या पाटीवरून काहीच कळत नाही. खांबांची रांग लागली की मात्र ती गाडी कुठे निजते, कुठे कामाला जाते आणि रविवारी कुणाच्या दारात उभी असते, ते सगळं कळतं.

सुरुवात मोजक्या कॅमेऱ्यांनी झाली, आणि पाहता पाहता आकडा पाचशेच्या घरात गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन आणि एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थांनी, स्थलांतरितांसाठी काम करणारी ‘सायरन’ आणि मुस्लिमांची ‘केअर’ या दोन संघटनांच्या वतीने शहरावर खटला भरला. त्यातून पुढे आलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. २०२४ या एका वर्षात या कॅमेऱ्यांनी ३६ कोटींहून अधिक नोंदी केल्या. शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट, गाडी नसलेल्या आजीसकट, माणशी रोज एक नोंद. यातल्या चोरीच्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी, म्हणजे हॉटलिस्टशी, जुळल्या ९ लाख २३ हजारांच्या आसपास, हजारात दोन-तीन. उरलेल्या नोंदी ज्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती अशा माणसांच्या, आणि खटला दाखल झाला तेव्हा त्या वर्षभर जपून ठेवल्या जात होत्या. हे सॅन होजेचंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांचा साठा तपासला होता. तिथल्या ३२ कोटी फोटोंपैकी ९९.९ टक्के अशा गाड्यांचे होते, ज्या फोटो काढला तेव्हा कुठल्याही हॉटलिस्टवर नव्हत्या.

या विषयावर इथे सध्या जो वाद चालू आहे तो बहुतेक सगळा ‘कुणाला दाखवायचं’ याभोवती फिरतो. स्थलांतरितांना पकडणाऱ्या केंद्राच्या ‘आइस’ला दाखवायचं नाही, दुसऱ्या राज्याला दाखवायचं नाही, आपल्या राज्यातल्या पोलिसांना चालेल, त्यांनीही शोधाचं कारण लिहावं, वगैरे. नगरपालिका याला धोरण म्हणतात आणि लोकही त्यावर समाधान मानतात. मला वाटतं, वाद चुकीच्या रकान्यावर अडलेला आहे. प्रश्न वही कुणी बघावी हा नाही, ती रद्दीत कधी जाणार हा आहे. जी नोंद शिल्लक आहे ती आज ना उद्या कुणाच्या तरी हाती पडते, आणि तसं होऊ नये म्हणून केलेले नियम ती नोंद जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं टिकत नाहीत.

पुरावा याच राज्यात आहे. नंबरप्लेटच्या नोंदींबाबत कॅलिफोर्नियात २०१५ साली कायदा झाला आणि २०१६ पासून तो लागू आहे. त्यानुसार हा डेटा राज्याबाहेरच्या किंवा केंद्राच्या यंत्रणांना देता येत नाही, हे राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०२३ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या पोलीस खात्यांना पुन्हा बजावलं. कायदा होऊन आठ वर्षं झाल्यावर असं परिपत्रक काढावं लागतं, यातच काय ते आलं. तरीही दक्षिणेकडचं एल कहोन शहर बाहेरच्या राज्यांना डेटा देत राहिलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲटर्नी जनरलना आपल्याच राज्यातल्या शहरावर खटला भरावा लागला. त्याच वर्षी स्थानिक पत्रकारांनी सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या नोंदी तपासल्या, तर केंद्रीय यंत्रणांसाठी केलेले शोध तिथेही सापडले. २०२६च्या फेब्रुवारीत माउंटन व्ह्यूच्या पोलीसप्रमुखांनी शहरातले कॅमेरे बंद केले, कारण शहराने परवानगी दिलेली नसतानाही बाहेरच्या यंत्रणा हा डेटा शोधून गेल्या होत्या. गूगलच्या गावाला आपला डेटा कोण वाचतो हे इतक्या उशिरा कळावं, यात थोडा विनोद आहेच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने २०२५ मध्ये त्यांच्या राज्याचा अभ्यास करून अशा वाटा तीन प्रकारच्या असल्याचं दाखवलं. पुढचं दार म्हणजे पोलीस खात्याने स्वतः बॉर्डर पेट्रोलला दिलेली मुभा. मागचं दार म्हणजे खात्याने मुभा दिलेली नसतानाही झालेला शिरकाव. आणि बाजूचं दार म्हणजे स्थानिक पोलिसाने केंद्राच्या अधिकाऱ्यासाठी स्वतःच्या खात्यातून केलेला शोध.

हे बाजूचं दार कुठल्याच नियमाने बंद होत नाही, कारण ते माणसाच्या मैत्रीने उघडतं. पोलीस संगणकावर नंबर टाकतो, शेजारी ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. त्यात ‘तपास’ एवढाच शब्द लिहिला तरी पुढचं पान उघडतं. पलीकडे कोण उभा आहे हे रकान्याला दिसत नाही. ही सेवा देणाऱ्या कंपन्यांपैकी फ्लॉक सेफ्टी इथे सर्वांत मोठी. तिच्या देशव्यापी शोधाची रचना देवाणघेवाणीची आहे. दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांत डोकवायचं असेल तर आपलेही उघडे करावे लागतात. त्यामुळे मे २०२५ मध्ये टेक्सासमधल्या जॉन्सन काउंटीच्या शेरीफ कार्यालयातून एका बाईचा शोध घेतला गेला तेव्हा तो ८३ हजारांहून अधिक कॅमेऱ्यांतून घेतला गेला. त्यात गर्भपाताला कायद्याचं संरक्षण असलेल्या राज्यांतलेही कॅमेरे होते. कारणाच्या रकान्यात तिने गर्भपात केल्याचं सरळ लिहिलं होतं. आम्हाला तिच्या जिवाची काळजी होती, असं शेरीफने नंतर सांगितलं. पुढे बाहेर आलेल्या कागदांत मात्र ती मृत्यूच्या तपासाची नोंद निघाली. कॅन्ससमधल्या एका छोट्या गावच्या पोलीसप्रमुखाने तर पूर्वीची मैत्रीण आणि तिचा नवा मित्र यांच्या गाड्या चार महिन्यांत २२८ वेळा शोधल्या. कुंपणानेच शेत खाल्लं. या सगळ्यावर कंपनीचं आणि पोलिसांचं उत्तर ठरलेलं असतं: प्रत्येक शोधाची नोंद राहते, गैरवापर पकडला जातो. पकडला जातो हे खरं, पण वरातीमागून घोडं यावं तसा. वरच्या सगळ्या घटना आपल्याला कळल्या त्या घडून गेल्यावर, आणि बहुतेक पत्रकारांच्या चिकाटीमुळे.

तरीही समजा, उद्या सगळी दारं बंद झाली, सगळे पोलीस सज्जन निघाले आणि नियम तंतोतंत पाळले गेले. मग वर्षभराची वही ठेवायला हरकत काय? या प्रश्नाचं उत्तर या शहराने स्वतःच्या अंगावर झेललेलं आहे. सॅन होजेच्या विमानतळाला नॉर्मन मिनेटा यांचं नाव आहे. मिनेटा १९३१ साली याच शहरात जन्मले. १९४२ मध्ये, दहा वर्षांचे असताना, जपानी वंशाच्या आईबापांसह त्यांना घर सोडावं लागलं. आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचं तात्पुरतं शिबिर, मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनची तारांची कुंपणं. गाडीत चढताना पोराच्या हातातली बेसबॉलची बॅट सैनिकांनी काढून घेतली, कारण ती हत्यार ठरू शकत होती. असे सुमारे १ लाख २० हजार लोक उचलले गेले, आणि त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. कुठल्या वस्तीत किती जपानी राहतात हे लष्कराला कसं कळलं? १९४० च्या जनगणनेतून. जनगणना खात्याने गल्लीनिहाय आकडे काढून दिले. माणसांची नावं देण्याला तेव्हा कायद्याने स्पष्ट बंदी होती. पण १९४२च्या युद्धकालीन अधिकारांच्या कायद्याने काँग्रेसने ती बंदीच उठवली, आणि १९४३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातल्या जपानी माणसांची नावानिशी माहिती खात्याबाहेर गेली, हे संशोधकांनी २००७ साली कागदांनिशी दाखवलं. यात कुणी कायदा मोडला नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाजू. माहिती चांगल्या हेतूने गोळा झाली होती, लोकांनी ती विश्वासाने दिली होती, आणि ती गुप्त राखण्याचा नियमही होता. नियम बदलला, माहिती मात्र होती तिथेच होती. मिनेटा पुढे याच शहराचे महापौर झाले, केंद्रात मंत्री झाले, आणि १९८८ मध्ये सरकारने या बंदिवासाबद्दल माफी मागितली तो कायदा घडवण्यात त्यांचा हात होता. शहरातला जपानटाउन आजही आहे, अमेरिकेत उरलेल्या तीन जपानटाउनपैकी एक.

आता आपल्या मंडळींकडे येतो, कारण सिलिकॉन व्हॅलीत मराठी माणसाला हा विषय काढला की तो पटकन आवडत नाही. पहिला आक्षेप असा: आपण कायदेशीर मार्गाने आलो, एच-वन-बी आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, आइसची काळजी त्यांनी करावी ज्यांच्याकडे कागद नाहीत. कर नाही त्याला डर कशाला? या आक्षेपाला २०२५च्या एप्रिलने उत्तर दिलेलं आहे. केंद्र सरकारने तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधून चाळून काढली. १३ लाखांच्या आसपास नावं त्यात घातली गेली आणि साधारण ६,४०० ठिकाणी काहीतरी जुळलं. मग हजारो विद्यार्थ्यांची नोंदणीच रद्द करण्यात आली. काहींच्या नावावर फक्त वाहतुकीचा किरकोळ गुन्हा होता, काहींचं प्रकरण कधीच निकालात निघालेलं होतं. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने तेव्हा ३२७ प्रकरणं गोळा केली, त्यांतली निम्मी भारतीय मुलांची होती. न्यायालयांत खटल्यांचा पाऊस पडल्यावर महिनाअखेर सरकारने नोंदणी परत सुरू केली. त्या मुलांकडे कागद होते, फी भरलेली होती, परीक्षा तोंडावर होत्या. तो डेटाबेस त्यांच्या व्हिसासाठी बनवलेला नव्हता. दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या वहीत त्यांचं नाव सापडलं, एवढंच. व्हिसावर राहणाऱ्या माणसाचं कायदेशीरपण हे दर दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागणारं असतं. नोंदी साठवून ठेवण्याबद्दल त्याने नागरिकापेक्षा जास्त धास्तावायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. चोऱ्यांचं काय? बे एरियात भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांनाही माहीत आहे. जून २०२४ मध्ये सनीव्हेलमध्ये पीएनजी ज्वेलर्सच्या दुकानात, म्हणजे आपल्या गाडगीळांच्याच, वीसेक बुरखाधारी भरदिवसा हातोडे घेऊन घुसले आणि काही मिनिटांत काचेची कपाटं फोडून पसार झाले. पोलिसांनी पाठलाग करून पाचजणांना पकडलं. अशा शहरात राहणाऱ्याला कॅमेरा नको म्हणणं ही चैन वाटू शकते. पण कॅमेरा दोन वेगळी कामं करतो. एक, आत्ता गेलेली गाडी हॉटलिस्टवर आहे का ते बघून पोलिसाला तत्काळ कळवणं. दोन, उरलेल्या सगळ्या गाड्या लिहून ठेवणं. चोरीची गाडी पकडायला पहिलं काम पुरतं, आणि त्यासाठी काहीही साठवावं लागत नाही. जाहिरातीत दाखवतात ते बहुतेक यश या पहिल्या कामाचं असतं, परवानगी मात्र दोन्हींची मागितली जाते. शिवाय पहिलं कामही निर्धोक नाही. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्याने पाटीवरचा ३ हा ७ असा वाचला आणि एका निरपराध बाईला पोलिसांनी बंदुका रोखून, गुडघ्यांवर बसवून बेड्या घातल्या. २०२० मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरात नंबर बरोबर वाचला गेला, पण तो दुसऱ्या राज्यातल्या चोरीच्या मोटरसायकलचा होता. कुणी ते पडताळलं नाही, आणि एका कुटुंबातल्या लहान मुलींना तापलेल्या डांबरावर पालथं झोपवलं गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तरीही पहिल्या कामाच्या चुका त्याच दिवशी समोर येतात, त्यांची भरपाई मागता येते. साठवलेल्या नोंदीची चूक कुणाला कळतही नाही.

रस्ता सार्वजनिक आहे, तिथे कसली आली खासगी बाब, असंही म्हणतात. एक पोलीस एका चौकात उभा राहून नंबर लिहितो, त्याबद्दल हे बरोबर आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या कार्पेंटर खटल्यात मोबाइल टॉवरच्या नोंदींसाठी वॉरंट लागेल असं सांगितलं, ते याच कारणाने. सुट्या सुट्या जागी दिसणं वेगळं, आणि सगळ्या जागा मागे जाऊन एका दोऱ्यात ओवता येणं वेगळं. फोन तर आधीच सगळं टिपतो, हा युक्तिवादही त्या निकालाने उलटा पडतो, कारण फोन कंपनीकडचं ते हवं असेल तर पोलिसाला आज न्यायाधीशाकडे जावं लागतं. खांबावरच्या वहीसाठी सॅन होजेत जावं लागत नव्हतं. जून २०२४ ते जून २०२५ या साधारण वर्षभरात सॅन होजेचे आणि राज्यातले इतर पोलीस मिळून तिच्यात ३९ लाखांहून अधिक वेळा शोध करून गेले, वॉरंटशिवाय. गाडी उभी असलेल्या जागेवरून काय काय वाचता येतं हे न्यूयॉर्कने दाखवलं आहे. तिथल्या पोलिसांनी मशिदींबाहेर उभ्या गाड्यांचे नंबर टिपले होते, आणि असोसिएटेड प्रेसने ते २०११-१२ मध्ये उघडकीला आणलं. त्या काळात मशिदीच्या जागी गुरुद्वारा असता तर आपल्यापैकी किती जणांनी आवाज उठवला असता, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. मंडळाच्या गणपतीला भरलेला पार्किंग लॉटही शेवटी एक यादीच असते.

मग किती दिवस? न्यू हॅम्पशायर राज्याने उत्तर दिलं आहे: जुळली नाही ती नोंद तीन मिनिटांत पुसायची. तिथे काही अराजक माजलेलं नाही. फ्लॉक कंपनीचा स्वतःचा नेहमीचा नियमही तीस दिवसांचा आहे, म्हणजे सॅन होजेचं एक वर्ष हे तंत्रज्ञानाने लादलेलं नव्हतं, शहराने निवडलेलं होतं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये साठ दिवसांची मर्यादा घालणारं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर न्यूसम यांनी ते ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं. त्यांचा मुद्दा असा की जुन्या गुन्ह्यांत एखादी नोंद हवी होती हे कधी कधी साठ दिवस उलटल्यावरच लक्षात येतं. मुद्दा खोटा नाही. नोंदी पुसल्या तर काही तपास अडतील आणि एखाददुसरा गुन्हेगार सुटेल, हे मी मान्य करतो, आणि ती किंमत मोजायला हवी असंही मला वाटतं. कारण त्याच युक्तिवादाने साठ दिवस काय, साठ वर्षंही कमीच पडतील. सॅन होजेपुरतं विचाराल तर तीन मिनिटांचा आग्रह मी धरणार नाही. सुट्टीवरून परतल्यावर घर फोडलेलं दिसतं, तक्रार करायला दोन-चार दिवस जातात. आठवडाभराची वही पुरे, त्यातही मागचं पान उलटायला वॉरंट, आणि ज्या नोंदीवर गुन्हा दाखल झाला आहे तेवढीच वेगळी काढून ठेवायची. बाकीचं दर रविवारी रात्री पुसून टाकायचं. सोमवारी सकाळी आइसचा अधिकारी बाजूच्या दाराने आला, तर त्याला सांगायला पोलिसाकडे खरं उत्तर असेल: आमच्याकडे ते नाही.